इटालियन ओपनिंग: स्टाइनिट्झ–बार्डेलेबेन, हेस्टिंग्ज १८९५. काळा नेमका कुठे चुकला?

तिरका_उंट

विल्हेल्म स्टाइनिट्झ (पांढरा) विरुद्ध कुर्ट फॉन बार्डेलेबेन (काळा) हा बुद्धिबळाचा डाव १२०० ते १५०० रेटिंगच्या मुलांना दोन बैठकांत शिकवायचा आहे. खेळ्या सगळ्यांना माहीत असतात, पण मुलं जिथे अडतात तिथे पुस्तकातलं उद्गारचिन्ह दाखवून भागत नाही. त्यांना "मग हे का नाही?" याचं उत्तर हवं असतं.

आधी पूर्ण डाव देतो. रा राजा, व वजीर, ह हत्ती, उं उंट, घो घोडा. × मारलं, + शह, ०-० किल्लेकोट (राजा हत्तीकडे सरकवून आडोशाला नेणं), ! चांगली खेळी, ? चूक. हए, हएच म्हणजे ए किंवा एच फाइलवरचा (उभ्या रांगेतला) हत्ती. आकड्यापुढे ... असेल तर ती काळ्याची खेळी.

१.ई४ ई५ २.घो-एफ३ घो-सी६ ३.उं-सी४ उं-सी५ ४.सी३ घो-एफ६ ५.डी४ ई×डी४ ६.सी×डी४ उं-बी४+ ७.घो-सी३ डी५ ८.ई×डी५ घो×डी५ ९.०-० उं-ई६ १०.उं-जी५ उं-ई७ ११.उं×डी५ उं×डी५ १२.घो×डी५ व×डी५ १३.उं×ई७ घो×ई७ १४.ह-ई१ एफ६ १५.व-ई२ व-डी७ १६.हए-सी१ सी६ १७.डी५ सी×डी५ १८.घो-डी४ रा-एफ७ १९.घो-ई६ हएच-सी८ २०.व-जी४ जी६ २१.घो-जी५+ रा-ई८ २२.ह×ई७+ रा-एफ८ २३.ह-एफ७+ रा-जी८ २४.ह-जी७+ रा-एच८ २५.ह×एच७+ आणि काळा हरला.

१४ व्या खेळीला दोन्ही बाजूंचे मोहरे सारखे आहेत आणि पांढऱ्याचं डी४ प्यादं एकटं पडलंय. पाठ्यपुस्तकाप्रमाणे तिथे काळ्याला बरं असायला हवं. तरी अकरा खेळ्यांत सगळं संपतं. मग चूक कोणती, १४...एफ६, १५...व-डी७ की १६...सी६?

दुसरं, २२ व्या खेळीनंतर पांढरा एकामागून एक शह का देत राहतो? समोर वजीर मारायला मिळतोय, तो का घेत नाही? आणि काळा ई७ चा हत्ती का मारत नाही?

तिसरं, ७.घो-सी३ आज स्पर्धेत खेळायला शिकवावं का?

---

अडीच_घरं

चूक १६...सी६ हीच. पण ती समजायला १४ व्या खेळीपासून सुरुवात करा, कारण "काळ्याला बरं असायला हवं" हे त्याचा राजा किल्लेकोटात असता तरच खरं ठरलं असतं.

१४.ह-ई१ नंतर काळ्याने ०-० केलं तर १५.ह×ई७ आणि घोडा फुकट. म्हणजे ई७ च्या घोड्याला राखण राजाची आणि राजाला आडोसा घोड्याचा. दोघं एकमेकांना बांधले गेलेत. यातून सुटायची वाट एकच: राजा पायी चालत एफ७ ला आणायचा आणि मग हत्ती ई८ किंवा डी८ ला काढायचा. १४...एफ६ त्यासाठीच आहे, खेळी वाईट नाही. एफ७ चं घर मोकळं होतं आणि पांढऱ्या घोड्याला ई५, जी५ ही घरं सहजी मिळत नाहीत. फक्त ई६ चं घर कायमचं उघडं पडतं, आणि पुढे तिथेच घोडा येऊन बसतो. १५.व-ई२ ने ई७ वर दुसरा मोहरा रोखला, १५...व-डी७ ने दुसरी राखण दिली. इथपर्यंत ठीक.

आता १६.हए-सी१. इथे १६...रा-एफ७ खेळायला हवं होतं. ठरवलेलं काम पुरं होतं आणि घोड्यावरची पिन (मागे राजा असल्याने हलता न येणं) सुटते. मुलं लगेच म्हणतील, "सर, मग १७.व×ई७+." तपासून दाखवा: १७.व×ई७+ व×ई७ १८.ह×ई७+ रा×ई७ १९.ह×सी७+ रा-डी६ २०.ह×जी७. पांढऱ्याकडे हत्ती, घोडा आणि सहा प्यादी. काळ्याकडे दोन हत्ती आणि चार प्यादी. दिसायला पांढऱ्याचं छान चाललंय. पण २०...हएच-सी८! आणि धमकी आहे ह-सी१+, मग घो-ई१ ह×ई१ मात. एफ२, जी२, एच२ ही प्यादी जागची हललेली नाहीत, राजाला खिडकीच, म्हणजे पळायला घरच नाही. पांढऱ्याला जी३ किंवा एच३ मध्ये एक खेळी घालवावी लागते, तेवढ्यात काळा ह-सी७ ने हत्ती समोर आणतो आणि डाव बरोबरीच्या रस्त्याला लागतो, किंबहुना काळ्यालाच खेळायला बरं.

मागच्या रांगेचा हा अशक्तपणा मुलांना इथेच पक्का दाखवा. तिरका_उंट, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

१६...सी६ मागे काळ्याचा विचार उघड आहे: डी५ वर ताबा ठेवायचा, घोडा डी५ ला बसवायचा, एकट्या प्याद्याला जन्मभर कोंडायचं. विचार चांगला, पण एक खेळी आधी. १७.डी५! या खेळीचं सौंदर्य पटावर हात ठेवून दाखवण्यासारखं आहे. डी५ वर काळ्याचे तीन मारेकरी दिसतात: घोडा, वजीर, प्यादं. एकेक मोजा.

घोडा मारूच शकत नाही. ई२ चा वजीर ई फाइलवरून थेट राजावर रोखलेला आहे, घोडा पिनमध्ये आहे, खेळी नियमबाह्य. वजिराने मारलं, १७...व×डी५, तर १८.व×ई७ मात, पाठीशी ई१ चा हत्ती. राहिलं प्यादं. ते मारतं, १७...सी×डी५, आणि त्याबरोबर दोन गोष्टी घडतात: डी४ चं घर पांढऱ्या घोड्याला मोकळं होतं आणि सी फाइल सी१ च्या हत्तीला उघडते. एका प्याद्यात हे दोन्ही मिळालं. काळ्याचं डी५ प्यादं आता त्याच्याच मोहऱ्यांची वाट अडवून बसतं.

१७...रा-एफ७ ने उशिरा का होईना राजा हलवला तर? १८.डी×सी६. मग १८...घो×सी६ १९.व-सी४+ आणि मध्ये वजीर घालता येत नाही, कारण डी५ ला त्याची राखण करायला कोणी उरलेलं नाही. १८...बी×सी६ १९.व-सी४+ घो-डी५ २०.घो-डी४ केलं की सी६ वर वजीर, हत्ती, घोडा असे तिघं. काळा जगतो, पण त्रासात. एक खेळी आधी हीच रा-एफ७ सुखाची होती.

काही जाणकार १६.हए-डी१ सुचवतात, हत्ती डी प्याद्यामागे ठेवून डी५ ची तयारी करायला. १६...रा-एफ७ चा धाक धरला तर ते पटण्यासारखं आहे. पण सी१ ला हत्ती नसता तर पुढचा शेवट असा झाला नसता.

---

तिरका_उंट

१७.डी५ वरचे तीन मारेकरी एकेक करून बाद करायची पद्धत वर्गात फार चालेल.

मधली एक जागा राहिली. १९.घो-ई६ नंतर हएच-सी८ का? ए८ चा हत्ती का नाही? आणि २०.व-जी४ ला घो-जी६ ने जी७ झाकता येत नाही का? प्यादं पुढे करण्यापेक्षा ते नैसर्गिक वाटतं.

---

आठवी_रांग

दोन्ही खेळ्या पटावर लावल्या तर लगेच फुटतात.

१९...हए-सी८ २०.व-जी४ जी६ २१.घो-जी५+ रा-ई८ आणि आता २२.ह×सी८+. काळ्याने घोड्याने परत मारायचं म्हटलं तर घोडा पिनमध्ये आहे, ई१ चा हत्ती राजावर रोखलेला. वजिराने मारलं, २२...व×सी८, तर २३.व×सी८+ आणि घोडा अजूनही पिनमध्येच, वजीर गेला. हएच-सी८ मुळे सी८ च्या पाठीशी ए८ चा हत्ती राहतो, म्हणून तीच त्यातल्या त्यात बरी.

पण त्याची किंमत आहे. एच८ चा हत्ती हलला म्हणून एफ८ चं घर उघडं पडलं. २०.व-जी४ ची खरी धमकी नुसतं जी७ प्यादं मारायची नाही: २१.व×जी७+ रा-ई८ २२.व-एफ८ मात. एफ८ आणि डी८ दोन्ही ई६ च्या घोड्याच्या ताब्यात. म्हणूनच २०...ह×सी१ ही मोठी मारामारीही चालत नाही. पांढरा हत्ती परत न घेता सरळ व×जी७+ आणि मात.

२०...घो-जी६ ला उत्तर २१.घो-जी५+. घोडा ई६ वरून उठला की जी४ चा वजीर तिरप्या रेघेत थेट डी७ च्या वजिरावर. एफ×जी५ केलं तर व×डी७+. राजाने वजिराजवळ ई८ ला जावं तर ई७ चा घोडा आता तिथे नाही, ई फाइल सताड उघडी, ई८ वर हत्तीचा मारा. वजीर जातोच. प्रत्यक्ष डावात जी६ प्यादं पुढे केल्यामुळे घोडा ई७ ला राहिला आणि राजाला ई८ मिळालं. त्यामुळे २०...जी६ हाच उपाय उरतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. २२.ह×ई७+ रा-एफ८ नंतरची मांडणी वर्गाच्या सुरुवातीलाच पटावर लावून ठेवा:

पांढरा: रा जी१, व जी४, ह सी१, ह ई७, घो जी५, प्यादी ए२, बी२, एफ२, जी२, एच२.
काळा: रा एफ८, व डी७, ह ए८, ह सी८, प्यादी ए७, बी७, डी५, एफ६, जी६, एच७.

खेळी पांढऱ्याची. मुलांना काहीही न सांगता विचारा: पांढऱ्याचे कोणकोणते मोहरे काळ्याला मारता येतात? वजीर डी७ च्या वजिराला, सी१ चा हत्ती सी८ च्या हत्तीला, ई७ चा हत्ती राजाला किंवा वजिराला, घोडा एफ६ च्या प्याद्याला. राजा सोडून चारही मोहरे माऱ्यात! आणि तरी जिंकतोय पांढरा.

मग "वजीर मार" म्हणणाऱ्याला मारू द्या. २३.व×डी७?? ह×सी१+ २४.ह-ई१ ह×ई१ मात. २४.व-डी१ ने दोन खेळ्या लांबेल इतकंच. हत्तीने मारलं, २३.ह×डी७, तर ह×सी१+ २४.व-डी१ ह×डी१+ २५.ह×डी१ एफ×जी५ आणि पांढऱ्याने डी५ चं प्यादं परत घेतलं तरी डाव फक्त बरोबरीत. अडीच_घरं यांनी १६ व्या खेळीला दाखवलेली तीच मागची रांग. पांढऱ्याच्या राजाला खिडकी नाही, म्हणून त्याला शह नसलेली एकही खेळी परवडत नाही. प्रत्येक खेळी शहाचीच हवी, आणि स्टाइनिट्झने तेच केलं.

२३.ह-एफ७+. हत्तीच्या पाठीशी जी५ चा घोडा, राजा मारू शकत नाही. २३...व×एफ७ २४.ह×सी८+ ह×सी८ २५.व×सी८+ आणि मग घो×एफ७. इथे क्रम महत्त्वाचा, आधी घो×एफ७ केलं तर पुन्हा ह×सी१+ आणि मात पांढऱ्यावर. २३...रा-ई८ २४.व×डी७ मात. राहिलं २३...रा-जी८.

२४.ह-जी७+. पुन्हा तोच खेळ. २४...रा×जी७ २५.व×डी७+ हा शह आहे, म्हणून आता वजीर मारायला हरकत नाही. २४...व×जी७ २५.ह×सी८+ ह×सी८ २६.व×सी८+. २४...रा-एफ८ २५.घो×एच७+ रा×जी७ २६.व×डी७+. म्हणून २४...रा-एच८.

काळ्याच्या वजिराला सी८ च्या हत्तीची राखण आणि जी४ च्या वजिरावरचा डोळा ही दोन कामं आहेत. तो डी७ वरून हलला की पहिलं काम सुटतं. डी७ वर ठाम बसून राहणं एवढंच त्याच्या हातात आहे. मुलांना हे "वजीर खांबाला बांधलाय" असं सांगितलं की लक्षात राहतं.

आणि काळ्याने २२ व्या खेळीला हत्ती का घेतला नाही? २२...व×ई७ २३.ह×सी८+ ह×सी८ २४.व×सी८+ व-डी८ २५.व×डी८+ रा×डी८, हिशेब केला तर पांढरा अख्ख्या घोड्याने पुढे, आणि खेळी त्याचीच असल्याने जी५ चा घोडाही सुटतो. २२...रा×ई७ ची गंमत जास्त आहे: २३.ह-ई१+ आणि

अ) २३...रा-डी८ २४.घो-ई६+ रा-ई७ २५.घो-सी५+, घोडा हटल्याने हत्तीचा उघडा शह आणि वजीर गेला;
आ) २३...रा-डी६ २४.व-बी४+ रा-सी७ २५.घो-ई६+ रा-बी८ २६.व-एफ४+ ह-सी७ २७.घो×सी७ व×सी७ २८.ह-ई८ मात, कारण सी७ चा वजीर एफ४ च्या वजिराच्या पिनमध्ये आहे, मध्ये येऊ शकत नाही;
इ) आ मध्येच २४...रा-सी६ २५.ह-सी१ मात, आणि २४...ह-सी५ ला २५.ह-ई६+, वजीर द्यावाच लागतो.

---

किल्लेकोट

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. आधी एक गोष्ट स्पष्ट करू: बार्डेलेबेनची ७...डी५ ही ओपनिंगमधली पहिली घसरण. पुस्तकी उत्तर ७...घो×ई४ आहे.

गोंधळ कुठून होतो ते सांगतो. पांढऱ्याने ७.उं-डी२ खेळलं की ७...उं×डी२+ ८.घोबी×डी२ डी५! ही अगदी बरोबर योजना. ९.ई×डी५ घो×डी५ १०.व-बी३ घोसी-ई७ ११.०-० ०-०, घोडा डी५ ला पक्का, राजा घरात, डाव सारखा. मुलं हे शिकतात आणि ७.घो-सी३ लाही सवयीने डी५ ढकलतात. फरक असा की तिथे काळ्या घरांवरचे उंट पटावरून गेलेले असतात आणि काळ्याला किल्लेकोट करायला वेळ मिळतो. इथे ८.ई×डी५ घो×डी५ ९.०-० झालं की सी३ च्या घोड्यावरची पिन सुटते आणि डी५ वर एकदम दोन मारेकरी: घोडा आणि सी४ चा उंट. काळ्याने ९...०-० केलं तर १०.घो×डी५ आणि मोहरा गेला. ९...घो×सी३ १०.बी×सी३ उं×सी३ असा हावरटपणा केला तर ११.व-बी३, एकाच वेळी सी३ आणि एफ७ वर, ११...उं×ए१ १२.उं×एफ७+ रा-एफ८ १३.उं-ए३+ आणि काळ्याचा राजा उघड्यावर. म्हणून ९...उं-ई६ करावं लागलं, आणि १० ते १३ या चार खेळ्यांत स्टाइनिट्झने मारामारी करून दोन्ही बाजूंचे तीन-तीन हलके मोहरे (उंट, घोडे) पटावरून काढले, फक्त १४.ह-ई१ वेळेवर यावं म्हणून. मारामारीने डाव सोपा होतो असं मुलांना वाटतं. इथे मारामारीनेच राजा मध्ये अडकला.

आता ७.घो-सी३ स्पर्धेत. ही जुनी खेळी आहे, १७ व्या शतकात ग्रेको या इटालियन खेळाडूने हिच्यावर सापळे लिहून ठेवलेत. ७...घो×ई४ ८.०-० घो×सी३ ९.बी×सी३ उं×सी३? १०.व-बी३ हा त्यातला प्रसिद्ध सापळा, ९...डी५! खेळला की तो निकामी. दुसरा रस्ता ८...उं×सी३ ९.डी५!, डेन्मार्कच्या मोलरच्या नावाने ओळखला जाणारा हल्ला. ९...उं-एफ६ १०.ह-ई१ घो-ई७ ११.ह×ई४ डी६ १२.उं-जी५ उं×जी५ १३.घो×जी५. इथे काळा ०-० करतो तेव्हा १४.घो×एच७ येतो आणि तयारी नसलेला माणूस घड्याळाकडे बघत बुडतो. तयारी असलेला १३...एच६! खेळतो, आणि एक प्यादं कमी असलेल्या पांढऱ्याला उत्तर द्यावं लागतं: १४.व-ई२ एच×जी५ १५.ह-ई१ उं-ई६! १६.डी×ई६ एफ६, आणि काळा बरा.

माझं मत असं: १५०० पर्यंतच्या मुलांना ही खेळी जरूर शिकवा, त्यांचे पहिले शंभर डाव यानेच खेळू द्या. मध्यभाग, उघडी फाइल, अडकलेला राजा, हे सगळं हाताने शिकायला याच्याइतकी चांगली शाळा नाही. पुढे १८०० च्या वर समोरच्याला १३...एच६ पाठ असते, तेव्हा ५.डी३ चं सावकाश इटालियन सुरू करा. आजचे मोठे खेळाडूही ५.डी३ च जास्त खेळतात. मध्यभाग लगेच न उघडता आधी राजा घरात, हत्ती ई१ ला, बी१ चा घोडा डी२ वरून एफ१ आणि मग जी३ ला. पण ज्याने डी४ चा डाव खेळलेलाच नाही त्याला डी३ का करतात ते कळत नाही. उलट क्रमाने शिकवू नका.

---

घड्याळ_चालू

डावाच्या शेवटाबद्दल थोडं, कारण मुलं तो प्रश्न हमखास विचारतात.

हा डाव ऑगस्ट १८९५ मधला. त्या स्पर्धेत २२ खेळाडू होते, प्रत्येकाने २१ डाव खेळले. पिल्सबरी १६½ गुणांनी पहिला, त्यामागे चिगोरिन १६, लास्कर १५½, टाराश १४ आणि स्टाइनिट्झ १३. आदल्याच वर्षी, १८९४ मध्ये, लास्करने स्टाइनिट्झकडून जगज्जेतेपद घेतलं होतं. हा डाव खेळताना स्टाइनिट्झ ५९ वर्षांचा होता. सर्वात सुंदर डावाचं पारितोषिक याच डावाला मिळालं.

२५.ह×एच७+ नंतर बार्डेलेबेन काही न बोलता उठला, दालनातून बाहेर पडला आणि परतलाच नाही. घड्याळ चालत राहिलं आणि वेळ संपल्यावर डाव स्टाइनिट्झला गेला. म्हणून काही संग्रहांत डाव २५ व्या खेळीला संपतो, तर काही ठिकाणी मातेपर्यंतच्या खेळ्या छापलेल्या असतात. त्या पटावर खेळल्या गेलेल्या नाहीत, स्टाइनिट्झने तिथे जमलेल्यांना दाखवल्या. मुलांना दोन्हींत फरक सांगा.

आजच्या फिडे (जागतिक बुद्धिबळ संघटना) नियमांप्रमाणे ज्याची खेळी आहे त्याला अर्बिटरच्या (पंचाच्या) परवानगीशिवाय खेळण्याची जागा सोडता येत नाही. हरलो असं वाटलं तर तसं स्पष्ट सांगायचं, घड्याळ थांबवायचं, दोन्ही गुणपत्रिकांवर निकाल लिहून सह्या करायच्या. लहान मुलं रडू आलं की उठून आईकडे पळतात. त्यांना हे पहिल्या स्पर्धेआधीच समजावलेलं बरं.

---

तिरका_उंट

सगळ्यांचे मनापासून आभार. एक शेवटचं: २५.ह×एच७+ मध्ये एच७ चं प्यादं घ्यायची गरजच काय? हत्ती पुन्हा जी७ लाच येतो. आणि स्टाइनिट्झने दाखवलेल्या मातेत काळ्याचा राजा ३० व्या खेळीला दुसरीकडे पळाला तर?

---

आठवी_रांग

एच७ चं प्यादं होतं तोपर्यंत एच फाइल बंद होती. ते गेलं की २५...रा-जी८ २६.ह-जी७+ रा-एच८ २७.व-एच४+ हा शह म्हणून येतो. शह नसता तर काळ्याने तेवढ्यात ह×सी१+ केलं असतं. हत्तीचा हा फेरा फक्त फाइल उघडायला आहे. २५...व×एच७ ला २६.ह×सी८+ ह×सी८ २७.व×सी८+, आणि २६...रा-एफ८ ला २७.घो-एच७+ रा×जी७ २८.व×डी७+.

मुख्य रस्ता, म्हणजे स्टाइनिट्झने दाखवलेली मात: २७...रा×जी७ २८.व-एच७+ रा-एफ८ २९.व-एच८+ रा-ई७ ३०.व-जी७+ रा-ई८ ३१.व-जी८+ रा-ई७ ३२.व-एफ७+ रा-डी८ ३३.व-एफ८+ व-ई८ ३४.घो-एफ७+ रा-डी७ ३५.व-डी६ मात.

३०...रा-डी८ केलं तर मात लवकर: ३१.व-एफ८+ व-ई८ ३२.घो-एफ७+ रा-डी७ ३३.व-डी६ मात. ३०...रा-डी६ ला ३१.व×एफ६+ व-ई६ ३२.व×ई६ मात.

या तिन्ही ठिकाणी राजाला सी फाइलवर का पळता येत नाही ते मुलांना शोधू द्या. सी७, सी५ ही घरं मोकळी दिसतात. त्यांच्यावर सी१ चा हत्ती बसलाय, जो १६ व्या खेळीपासून एकदाही हललेला नाही आणि १९ व्या खेळीपासून सी८ च्या हत्तीच्या माऱ्यात उभा आहे.